पाठमोरी

“हिला कुणी वळवलं?” हलकर्णीकर सरांनी विचारलं.

दुपारचा शेवटचा तास होता. मी कागदावरून मान वर केली. सरांचं बोट माझ्या एसटी स्टँडच्या चित्रावर होतं. पाटीवाली, छत्रीवाले आजोबा, फुगेवाला, कडेवर पोर घेतलेली बाई असे सगळे आपापल्या जागी होते. रांगेच्या टोकाला नेहमीची ती होती, खांद्याला पिशवी अन् पाठीवर एक वेणी. फक्त आज तिची मान इतकीशी फिरली होती. कान दिसत होता आणि कानात काहीतरी होतं.

“मी मुद्दाम नाही वळवलो सर,” मी म्हटलं. आमच्या गडहिंग्लजकडे मुलीही ‘आलो-गेलो’च म्हणतात.

“कानात काय आहे?”

मी वाकून पाहिलं. आपणच काढलेलं चित्र वाकून पाहावं लागतंय, याचं मलाच नवल वाटलं. “मोत्याची कुडी असेल.”

“असेल म्हणजे?”

सरांनी माझं खोडरबर उचललं, त्या कानापाशी नेलं आणि तसंच परत ठेवलं. पुन्हा असं करू नकोस म्हणाले, कागदाची गुंडाळी करून काखेत मारली आणि घंटा व्हायच्या आधीच निघून गेले. सर कधी घंटेआधी गेलेले आम्ही पाहिले नव्हते.

आता ही माणसं कोण ते सांगते. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, जत्रा, बसस्टँड असा एखादा विषय देतात आणि डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं असतं. नावालाच हो ते स्मरण. आठवत कोण बसतंय? आमच्याकडे माणसं पाठ करायची पद्धत होती, पाढे पाठ करावेत तशी. सरांनी बसवून दिलेली ठरलेली माणसं होती, विषय कुठलाही येवो, ती उचलून त्यात ठेवायची. जत्रा आली की फुगेवाला पुढे आणि बाजार आला की पाटीवाली पुढे. आमच्या आधीच्या तुकड्यांनी तीच काढली, त्यांच्या आधीच्यांनीही तीच. माझ्या मामेभावानं काढलेली पाटीवाली आणि माझी पाटीवाली सख्ख्या बहिणी शोभल्या असत्या. त्यातल्या या वेणीवालीला सगळे पाठमोरी म्हणायचे. ती काढायला सगळ्यांत सोपी, कारण तोंडच काढायचं नाही. सर बाकी कुणाला विसरलं तर चालवून घ्यायचे, पाठमोरी विसरली तर मात्र कागद फाडायचे.

मी नववीत होते. त्या सुमारास दहावीला कलेचे जादा गुण मिळू लागले होते आणि गावातल्या समस्त आयांना एकाएकी कलेचा पुळका आला होता. वर्गात नावं मागितली तेव्हा चित्रकला, गाणं, दोन्ही किंवा काहीच नाही, असे पर्याय होते. मला चित्रकला हवी होती. आईनं दोन्ही लिहून दिलं.

“अगं, चित्र काढायचं, गाणं म्हणायचं, ह्यात अभ्यास तो काय?” आई म्हणाली होती. “गणिताला रात्रंदिवस डोकं फोडून एक गुण वाढत न्हाई. हे तर फुकटचं हाय की.”

फुकटचं! सकाळी उठलं की हलकर्णीकर सरांच्या घरी जायचं. तिथं बाई, म्हणजे सरांची बायको, गाणं शिकवायच्या. अलंकार, मग भीमपलास, मग हातावर ताल धरून दुगुन, म्हणजे तेच दुप्पट लयीत. तिथून शाळा. शाळा सुटली की स्थिरचित्र. मडकं, वांगी आणि चुरगळलेला रुमाल यांच्यावर मी त्या वर्षी जेवढं प्रेम केलं तेवढं कुणावर केलं नाही. मग अक्षरलेखन, संकल्पचित्र, घनभूमिती. मग विज्ञानाची शिकवणी. घरी आले की रागांची माहिती घोकायची. गाण्यालाही लेखी परीक्षा असते, हे आईला नंतर कळलं. पण तोवर नाव गेलं होतं आणि गेलेलं नाव मागे घेणं आमच्या घरात बसत नव्हतं. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी माझी गत झाली होती. एकतरी सोडू दे, एवढं एक वाक्य बोलायला मला तोंड नव्हतं.

आठवड्यानं जत्रेचं चित्र काढलं आणि तिचा गाल दिसला.

या वेळी सर रागावले नाहीत. बराच वेळ पाहत राहिले. “काढताना काय वाटलं तुला?” त्यांनी हलकेच विचारलं. खरं सांगायचं तर काही वाटलं नव्हतं. झोप अनावर झाली होती. डोळे मिटत होते, हात चालत होता, आणि जाग आल्यासारखं होऊन पाहिलं तर ती वळलेली होती. तसं मी सांगितलं. सरांनी मान डोलावली, तो कागदही नेला आणि म्हणाले की उद्यापासून तू रोज दोन स्मरणचित्रं जादा काढायचीस.

वर्गात ही गोष्ट लपली नाही. मुलांनी मुद्दाम पाठमोरी वळवून पाहिली. त्यांच्या कागदावर ती मान मुरगळलेल्या कोंबडीसारखी दिसायची, आणि सगळे हसायचे. माझ्या कागदावर कुणी हसत नव्हतं. शेजारी बसणाऱ्या स्नेहल हंजीनं तर बाकच बदललं. “ती तुझ्याकडं बघायला लागलीया,” एवढंच म्हणाली.

रविवारी भरपूर झोपून सोमवारी काढलं तर पाठमोरी आपली पाठमोरी. तो कागद पाहून सरांचं तोंड उतरलं. मग त्यांच्याही ध्यानात आलं असावं की ती मी थकले तरच वळते. त्यानंतर जादा चित्रं दोनाची चार झाली. मधल्या सुट्टीत डबा खाऊ न देता सर मला बसवायचे. आईला भेटून म्हणाले, पोरीचा हात फार चांगला आहे, मी खास लक्ष घालतोय. आई त्या दिवशी शेजारपाजारी सांगत हिंडली. मला विज्ञानाच्या तासाला झोप लागू लागली. विंचरताना केसांचे पुंजके हातात यायचे. गाताना वरचा षड्ज लागेना; बाई पेटी थांबवून माझ्याकडे बघायच्या.

आणि ती वळतच होती. कधी पापणीचे केस दिसायचे, कधी नाकाचा शेंडा. मला तिची भीती वाटू लागली होती, आणि सरांची तिच्याहून जास्त.

एके सकाळी गाताना ठसका लागला. बाई म्हणाल्या, आत जा आणि पाणी पी. स्वयंपाकघराकडे जाताना मधल्या खोलीचं दार उघडं दिसलं. तिथं भिंतीवर माझे कागद लावले होते. आधी पूर्ण पाठ, मग कान, मग गाल, मग पापणी, असे ओळीनं. दारापासून खिडकीपर्यंत ती एकच बाई हळूहळू वळत होती. शेवटच्या कागदापुढे भिंत मोकळी होती आणि तिथं टाचण्या आधीच टोचून ठेवल्या होत्या.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तसाच वाजत राहिला होता.

“कुडी तुला कुणी सांगितली?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही, बाई.”

“त्या दिवशी मीच घातली होती तिच्या कानात. परीक्षेला जातेस, भुंडे कान बरे दिसत नाहीत म्हणून.”

मग त्यांनी मला तिथंच खाली बसवलं आणि सांगितलं. सांगताना भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांना एक मुलगी होती. सर चित्र शिकवत, बाई गाणं, आणि एकुलती एक पोर दोघांच्या मध्ये. सरांना वाटे ही माझी, बाईंना वाटे ही माझी. दहावीच्या वर्षी ती म्हणाली, मला दोन्ही झेपत नाही, मी गाणं सोडते. बाई नाही म्हणाल्या. सरांना तिनं सांगितलं की मग चित्र तरी सोडू द्या. सरही नाही म्हणाले. चित्रकलेच्या परीक्षेच्या दिवशी ती पिशवी घेऊन शाळेला म्हणून निघाली. सरांची दुसऱ्या शाळेत परीक्षेवर देखरेख होती, ते घाईनं सायकलवरून चालले होते, तेव्हा स्टँडवर बेळगावच्या रांगेत त्यांना ती पाठमोरी दिसली. कुणा मैत्रिणीला सोडायला आली असेल, येईल, असं म्हणून त्यांनी हाक मारली नाही. उशीर होत होता. ती गेली ती गेलीच. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, नातेवाइकांच्या गावांना खेटे झाले.

“पुढच्या वर्षापासून ह्यांनी पोरांना ती शिकवायला घेतली,” बाई म्हणाल्या. “म्हणायचे, हे कागद तपासायला लांब जातात, किती हातांतून जातात, कुणीतरी ओळखेल. मी म्हटलं, पाठीवरून कोण ओळखतंय? तोंड काढा. तर म्हणाले, तोंड आठवत नाही.”

“फोटो असतील की, बाई.”

“फोटोत ती हसते. जाताना हसत नव्हती. जाताना तोंड कसं होतं, एवढंच त्यांना बघायचंय. बाकी काही नको.” त्यांनी पदरानं ओठ टिपले. “तू येऊ नकोस आता काही दिवस.”

मी घरी जाऊन आईला म्हटलं की मला बरं वाटत नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही म्हणाली, आणि परीक्षा तोंडावर आलीय याची आठवण करून दिली. तिचंही काय चुकलं? भिंतीवरच्या कागदांचं मी तिला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, गुरुजींनी भिंतीवर लावली, केवढा मान हाय.

रविवारी दुपारी सर स्वतः न्यायला आले. आईनं त्यांना चहा दिला आणि मला कंपास भरून दिली. आदल्या दिवशी गणिताची चाचणी झाली होती, तिच्यासाठी मी धड झोपले नव्हते, आणि हे सरांनी वाटेत दोनदा विचारून घेतलं. मी पुढे आणि सर मागे सायकल ढकलत, असं आम्ही चाललो होतो. आपण कुठं चाललोय ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी चालले होते. मुलींना तेवढं मात्र फार छान शिकवलेलं असतं.

मधल्या खोलीत पाट मांडला होता. सरांनी कागद लावून दिला. “एसटी स्टँड काढ,” ते म्हणाले, आणि पाठीशी बसले.

मी एक काढलं. नाकाचा शेंडा. सर म्हणाले, दुसरं घे. दुसऱ्यात तेवढंही नाही. सर म्हणाले, घे आणखी. मला पाणी हवं होतं, ते म्हणाले हे झाल्यावर. बाहेर बाई लहान मुलींना सरगम शिकवत होत्या, त्या मुली गेल्या, तानपुरा तेवढा चालू राहिला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं. माझं मनगट सुजल्यासारखं ठणकत होतं. पाटीवाली आली, आजोबा आले, फुगेवाला आला. मग माझे डोळे मिटले. पेन्सिल मात्र चालली होती, तिचा आवाज मला ऐकू येत होता, खरखर, खरखर, अगदी सावकाश, कुणी घाई न करता काढावं तसा. माझा हात एवढ्या सावकाश कधीच चालत नाही.

आवाज थांबला तेव्हा मी डोळे उघडले. रांगेच्या टोकाला ती उभी होती आणि तिनं आमच्याकडे तोंड केलं होतं.

मी किंचाळले नाही. तेवढी ताकदच नव्हती. सर माझ्या खांद्यावरून पुढे झुकले होते. चेहरा चांगला पस्तिशी ओलांडलेला होता. कानशिलाशी केस पांढरे झालेले, नाकावर चष्मा, हनुवटीखाली थोडी सैल कातडी. वेणी तीच आणि कुडी तीच. रागावलेली नव्हती, रडत नव्हती. आमच्याकडे पाहत होती खरी, पण आम्हाला ओळखून नव्हे. बसची वाट बघणारी माणसं येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघतात तशी.

सरांनी बोट पुढे केलं आणि चष्म्याच्या कडेला अगदी हलकेच टेकवलं.

“वय झालं की गं हिचं,” ते म्हणाले.

त्यांचा आवाज ऐकून बाई दारात आल्या. हात ओले होते. त्यांनी आधी मला पाहिलं, मग कागद पाहिला, आणि भिंतीला धरून खाली बसल्या. सरांना जाण्याच्या दिवशीचं तोंड हवं होतं. त्या तोंडाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ती वर्षं तिनं कुठंतरी जगून काढली होती. हे त्या दोघांना समजत होतं आणि मला त्या दोघांकडे बघवत नव्हतं.

“तुला काय सोडायचंय?” बाईंनी विचारलं.

त्यांची नजर कागदावर होती, म्हणून मला वाटलं मला नाही विचारलं. मग त्यांनी पुन्हा विचारलं, “सांग. काय सोडायचंय तुला?”

सबंध वर्षात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सरांकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहतच नव्हते.

“गाणं,” मी म्हटलं. “चित्र राहू दे. पण रोजचं एवढं नको. झेपत नाही.”

बाईंचं तोंड पिळवटलं. गाणं हा त्यांचा जीव होता आणि मी तोंडावर सांगितलं होतं. त्या उठल्या, बाहेर जाऊन त्यांनी तानपुरा बंद केला, आणि परत दारात येऊन उभ्या राहिल्या. घर एकदम केवढं तरी गप्प झालं.

“बरं, मंजू,” त्या म्हणाल्या. “सोड गाणं.”

माझं नाव कस्तुरी. पण मी ‘हो’ म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी बाई मला घरी पोचवायला आल्या आणि आईपुढे बसून स्पष्ट बोलल्या. नाव गेलंय, फी गेलीय, सगळं खरं. पण ही पोर गाणार नाही, आणि चित्रही मी सांगेन तेवढंच काढेल. आई आधी हिरमुसली, मग फुकटच्या गुणांचं काहीबाही बोलली. मग दिव्याखाली तिनं माझी बोटं पाहिली. पेन्सिलीनं काळी पडून सोलवटली होती. आईनं खोबरेल तेलाची वाटी आणली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवलं नाही. मी दिवसभर झोपले. एवढी झोप मला पुढे कधी लागली नाही.

परीक्षा आली. स्मरणचित्राच्या पेपरला मी बसस्टँडच घेतलं. इतकं पाठ दुसरं काय होतं? सर वर्गाबाहेर होते, आपल्याच शाळेच्या मुलांवर त्यांना देखरेख करता येत नव्हती. पाटीवाली आली, आजोबा आले, कडेवरचं पोर आलं, फुगेवाल्याला जागा पुरली नाही म्हणून त्याला बारीक केलं. रांगेचं टोक आलं आणि माझा हात थांबला. ओढून ओढून पाहिलं. वेणीची एक रेघ आली नाही. त्या जागी मी फलाटाची नुसती फरशी रंगवली आणि कागद देऊन टाकला.

फाटकाशी सर उभे होते. दरवर्षी उभे राहायचे म्हणे, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला तेच विचारायचे. पाठमोरी काढलीस ना?

स्नेहल पुढे होती. ती कधी काही विसरायची नाही. “इसरलो सर,” ती म्हणाली, आणि आता कागद फाटायची सोय नाही म्हणून की काय, रडायलाच लागली. तिच्या मागचा म्हणाला, सर, डोक्यातनंच गेलं. त्याच्या मागचाही तेच म्हणाला. कुणी जत्रा काढली होती, कुणी बाजार, कुणी विहीर. एकमेकांशी कुणी बोललं नव्हतं. एकाही कागदावर ती नव्हती. मुलं भेदरून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती, आणि सर त्यांच्यावर ओरडत नव्हते, याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती.

माझी पाळी आली तेव्हा सरांनी प्रश्न विचारला नाही, नुसतं पाहिलं.

“नाही आली, सर,” मी म्हटलं. “जागा ठेवली होती.”

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. शाळेसमोरून एक गाडी स्टँडकडे गेली, धुरळा खाली बसेपर्यंत ते तिकडे बघत राहिले.

“मिळाली असेल बस,” ते म्हणाले, आणि मागच्या मुलांना त्यांनी काही विचारलं नाही.